आई विकलोत सोनं रोळायची

परवा विकलोला गेले. आयर्लंडमधल्या आमच्या टॅलाहून डोंगर ओलांडला की तासाभरात तो ओढा येतो. पाणी तसंच होतं, कोऱ्या चहाच्या रंगाचं. पुलाचा कठडा नवीन बांधलाय, गाड्या लावायला कडेनं खडी टाकलीय, बाकी काही बदललेलं नाही. गाडीचं दार उघडलं आणि खोबऱ्याचा वास आला. इथं गॉर्स नावाचं एक काटेरी झुडूप असतं. वसंतात ते पिवळ्या फुलांनी असं भरतं की काटे दिसत नाहीत, आणि त्या फुलांना ओल्या नारळाचा वास येतो. आई पहिल्यांदा इथं उतरली तेव्हा चारी बाजूंना बघत म्हणाली होती, "कोनं खोबरं किसलं व इथं?" आता आई नाही, पण त्या वासाला कोण सांगणार. मी गाडीला टेकून उभी राहिले आणि भर दुपारी, रस्त्यावर, रडले. कुंपणापलीकडून एक मेंढी बघत होती. बघू दे म्हटलं.

सोनं शोधायचा नाद सुहासचा. सुहास म्हणजे माझा नवरा. पुण्याचा, त्यात सॉफ्टवेअरवाला, म्हणजे दोन्हीकडून शहाणा. आम्ही दोन हजार आठच्या हिवाळ्यात टॅलाला आलो आणि आलो ते थेट मंदीच्या तोंडी. रोज कुणी ना कुणी नोकरी जाऊन घरी बसत होतं. आमच्या मागच्या बाजूला अर्धवट बांधलेल्या घरांच्या रांगा तशाच सोडून दिलेल्या होत्या, खिडक्यांच्या जागी निळं प्लास्टिक फडफडायचं, आणि वारा सुटला की तो आवाज दिवसभर डोकं उठवायचा. सुहासची नोकरी टिकली, झोप मात्र गेली. जेवताना बोलेना, बोलला तर वसकन अंगावर यायचा.

शेजारी डॉनल राहायचा. रिटायर्ड बस ड्रायव्हर, लालबुंद चेहऱ्याचा, बायको केव्हाच गेलेली. त्याला सुहासचं तोंड बघवेना. एका रविवारी त्यानं याला आपले जुने गमबूट दिले, डिकीत फावडं आणि हिरव्या प्लास्टिकच्या दोन पसरट ताटल्या टाकल्या आणि घेऊन गेला. संध्याकाळी सुहास परतला तो कमरेपर्यंत भिजलेला आणि हसत. बोटाच्या पेरावर एक पिवळा कण होता, राजगिऱ्याहून बारीक. मी म्हटलं, एवढ्यासाठी न्यूमोनिया करून घ्यायचा होता तर माझ्या कुड्या दिल्या असत्या. पण तो हसत होता. मला ते हसणं बघून इतकं बरं वाटलं की मी पुढं काही बोलले नाही, आणि हे माझ्या बाबतीत फारसं घडत नाही.

मग ते आमचं रविवारचं व्रतच झालं. गाडीत थर्मास, जुने टॉवेल, कोरडे मोजे. डॉनल सांगायचा की फार पूर्वी या ओढ्यात खरंच सोनं निघालं होतं, आसपासची माणसं शेती टाकून पाण्यात उतरली होती आणि शेवटी सैनिक आणून त्यांना हाकलावं लागलं. आता उरलेत ते कण, आणि ते शोधणारे आमच्यासारखे हौशी. विकून श्रीमंत व्हायचा प्रश्नच नव्हता. कंपनीतल्या लोकांना सुहासनं यातलं कधी काही सांगितलं नाही. पुण्याला सासूबाईंना तर नाहीच नाही. आयर्लंडला जाऊन माझा मुलगा चिखल चाळतो हे त्यांना झेपलं नसतं.

आई आली ती पुढच्या वसंतात. बाबा गेले होते. बाबा वर्ध्याजवळच्या एका गावात मास्तर, आणि मी एकुलती. गावच्या घरात ती एकटी आणि मी इथं. फोनवर ती म्हणायची, सगळं बरं हाय माय, तू जेवली काय? आणि मी फोन ठेवून ओट्याशी उभी राहायचे. मला एकच हवं होतं. आईनं माझ्याजवळ राहावं, कायमचं, आणि मी तिची लेक म्हणून तिच्या डोळ्यांपुढं असावं. सरकारच्या नियमात ते बसत नव्हतं, तीन महिन्यांचा व्हिसा संपला की परत. आईच्या नियमात तर त्याहून बसत नव्हतं. जावयाच्या घरी बसून खायचं म्हणजे तिला घास उतरेना. तेव्हा मी हॉस्पिटलमधल्या आपल्या नर्सेस आणि डॉक्टरांना डबे द्यायचे. आई आल्या दिवसापासून त्या डब्यांना जुंपली. सकाळी उठून बघावं तर चष्मा लावून तूरडाळ निवडत बसलेली. पाकिटातली स्वच्छ डाळ, त्यात काय निघणार. ताट पुन्हापुन्हा सारखं करून झाल्यावर ती वैतागून म्हणाली, "या देशात डाळीत खडा नाई, तांदळात खडा नाई. मंग बाया दिवसभर करतात काय?"

त्या रविवारी तिला ओढ्यावर नेलं. पाण्याशी गेल्या गेल्या तिनं पिशवीतून कुंकवाची डबी काढली, एका गुळगुळीत दगडाला बोट लावलं, दोन पिवळी फुलं वाहिली. डॉनलनं हे बघून डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्यानंतर प्रत्येक वेळी तो तसं करायचा, मी त्याला कधी काही समजावलं नाही. मग त्यानं एका वळणावर मोठ्या दगडाच्या आडोशाची रेती फावड्यानं उपसली, ताटलीत भरली, पाण्यात बुडवून हलवून दाखवलं आणि ताटली आईच्या हातात दिली.

आता हे सांगायला हवं. आमच्या गावी रेशनच्या तांदळात मूठभर खडे असायचे. म्हणून तांदूळ रोळायचे. पातेल्यात पाणी घालून मनगटानं गोल फिरवत राहायचं, हलके तांदूळ पाण्याबरोबर वर येतात, ते अलगद दुसऱ्या भांड्यात ओतत जायचं. जड खडे तळाशी राहतात. ते फेकून द्यायचे. आईनं जन्मभर दिवसातून दोनदा हे केलेलं. तिनं ती हिरवी परात पाण्यात धरली (ताटली हा शब्द तिला पटला नाही) आणि मनगट फिरवलं. डॉनल बघतच राहिला. सुहासला दोन महिने जमलं नव्हतं ते तिच्या हातात आपसूक होतं. रेती गोल फिरत होती, पातळ होत होती, तळाशी काळी वाळू जमत होती. डॉनल पुढं वाकला. त्याला काळ्या वाळूच्या टोकाशी पिवळं काहीतरी दिसलं. वर आलेली रेती आई कौतुकानं, एक कण न सांडता, माझ्या ताटलीत ओतत होती. ओतून झाली आणि तिनं तळाचा गाळ मनगटाच्या एका झटक्यात ओढ्यात फेकून दिला.

डॉनल मटकन दगडावर बसला. हसता हसता त्याला खोकला लागला. सुहास तर पाण्यातच बसला. आईला कळेना काय झालं. मी सांगितलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला आणि ती इतकी हसली की तिचे डोळे पुसायला मला जावं लागलं. बाबा गेल्यावर पहिल्यांदा. "जलमभर जे फेकलं," ती म्हणाली, "त्याच्यात कधी पाह्यलंच नाई बाप्पा."

मग ती शिकली. हात तेच, फक्त शेवट उलटा. मोसमागून मोसम ती आली, गॉर्स फुलला की यायची आणि फुलं काळपटली की जायची. एका वर्षी कुठल्याशा ज्वालामुखीच्या राखेनं विमानं बंद पडली आणि तिला बॅग भरूनही जाता आलं नाही. लोक विमानतळांवर अडकले होते, बातम्यांत सगळ्यांचे चेहरे रडवे होते. मी मात्र स्वयंपाकघरात पुरणपोळी करत होते. कारण काय सांगायचं ते सुचेना म्हणून म्हटलं, अशीच.

त्या दिवसांचे वास अजून नाकात आहेत. झाडांखाली रानलसूण माजायची, पायाखाली चुरडली की फोडणीचा वास सुटायचा आणि आईला लगेच भूक लागायची. ओल्या लोकरीचा वास. डॉनलच्या गाडीतला कुत्र्याचा वास, कुत्रा मरून वर्ष झालं तरी गेला नव्हता. पाण्यात हात बधिर व्हायचे, मग आई ते काखेत घालून बसायची आणि म्हणायची की वर्ध्याचा उन्हाळा इथं पाठवायला पाहिजे, पाच-दहा दिवस. दगडावर बसून भाकरी आणि ठेचा. डॉनलनं पहिल्यांदा ठेचा खाल्ला तेव्हा ओढ्याला तोंड लावून पाणी प्याला, आणि पुढच्या रविवारी आल्या आल्या विचारलं, तो हिरवा प्रकार आणलाय का. त्याला मराठी येत नव्हतं, तिला इंग्रजी. दोघं तासन् तास गप्पा मारायची. ती शेतातलं सांगायची, तो बसमधलं. त्याचा एक शब्द तिनं उचलला होता. भाजी कशी झाली? ग्रँड. गुडघा कसा आहे? ग्रँड हाय. गावी जाऊन तिनं सगळ्या आळीला तो शिकवला.

सापडलेले कण एका काचेच्या कुपीत पाण्यात ठेवायचो. देव्हाऱ्यात ती बाळकृष्णाच्या शेजारी असायची. उजेडात हलवली की तळाशी पिवळं काहीतरी सरकायचं. बस, एवढंच आमचं सोनं.

दोन हजार बाराची गोष्ट. सकाळ होती, डब्यांची घाई. मी आईला म्हटलं तांदूळ धुऊन दे, आणि कणीक मळायला वळले. नळ वाहतच राहिला. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं. वळून बघते तर सिंकमध्ये पांढरे तांदूळच तांदूळ, जाळी तुंबलेली, निम्मे वाहून गेलेले. आई खिडकीच्या उजेडाकडे पातेलं तिरकं धरून उभी होती. रिकाम्या तळातून एक बोट हळूहळू फिरवत होती.

मी विचारलं, "आई, काय बघतेस?"

"थांब व," ती म्हणाली, "काळी वाळू नाई आली अजून."

मी हसले. मला वाटलं, गंमत करतेय, ती होतीच तशी. तीही हसली. पण माझं हसू झाल्यावर हसली. तेवढा तो उशीर मला दिवसभर टोचत राहिला. संध्याकाळी सुहासला सांगितलं तर तो म्हणाला, अगं, वय झालंय, आपणही चष्मा शोधतो डोक्यावर ठेवून. मी त्याला चष्म्यावरून बरंच काही ऐकवलं. त्याला ऐकवून काय होणार होतं? मला भीती वाटत होती. 

मग मी लक्ष ठेवू लागले आणि माझ्या लक्षात काहीच येईना. आपल्याकडच्या रीती माणसाला किती झाकून घेतात ते मला तेव्हा कळलं. सुहासला ती पहिल्यापासून जावईबापू म्हणायची, नाव कधी घेतलंच नव्हतं. तेव्हा नाव विसरली की काय, कळणार कसं? मला ती माय म्हणायची. माझी मैत्रीण आली तर तिलाही माय. बाबांना सगळ्या गावासारखं गुरुजी. डॉक्टरकडे नेलं. बाई तरुण होती, चांगली होती. तिनं साधे प्रश्न विचारले, मी मधे बसून सांगत होते. आज वार कोणता? आईनं खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, आभाळ आलं. आपण कुठल्या देशात आहोत? आयर्लंड, ग्रँड. डॉक्टर खुश झाली. मग तिनं विचारलं, तुमच्या मिस्टरांचं नाव काय? आईनं पदर डोक्यावर ओढला, लाजून मान फिरवली आणि तोंडावर हात ठेवला. मी डॉक्टरला समजावलं की आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ती म्हणाली, हाऊ लव्हली. मला हायसं वाटलं. आईच्या तोंडावरचा हात मात्र आम्ही बाहेर येईपर्यंत तसाच होता.

त्या वर्षी ती गावी परतली तेव्हा माझ्या वर्ध्याच्या मावसबहिणीला तिच्याजवळ राहायला सांगितलं. फोनवर सगळं बरं असायचं. सगळं बरं हाय माय, तू जेवली काय? तीच दोन वाक्यं. मी वेगळं काही विचारलं की तीच दोन वाक्यं पुन्हा यायची. मावसबहिणीनं मागून काही सांगितलं की मग तिसरं. मावसबहीण म्हणायची, मजेत आहे गं, तू उगाच जीव काढतेस. मला तेव्हा हवं असलेलं लहान होऊन होऊन एवढंसं झालं होतं. जवळ राहणं राहू दे, व्हिसा जाऊ दे, फक्त तिनं मला ओळखत राहावं. देव्हाऱ्यासमोर उभी राहून मी दुसरं काही मागायचेच नाही.

दोन हजार तेराच्या वसंतात मीच जाऊन तिला घेऊन आले. विमानात तिनं माझा हात सोडला नाही. मला वाटलं, झालं, आपण उगाच भ्यायलो. पहिल्याच रविवारी ऊन पडलं आणि आम्ही ओढ्यावर आलो.

परवा मी ज्या दगडावर जाऊन बसले, तोच तो दगड. सुहास आणि डॉनल वरच्या वळणावर गेले होते, त्यांच्या फावड्यांचा खरखर आवाज खाली येत होता. रानकबुतर घुमत होतं. आईनं दगडाला कुंकू लावलं, परात घेतली आणि पाण्यात धरली. हातात काही फरक नव्हता. तेच मनगट, तीच लय, रेती तशीच फिरत होती, पातळ होत होती. मी बघत बसले आणि इतक्या महिन्यांनी मला मोकळा श्वास आला. मी तिच्या खांद्यावर पडलेलं एक पिवळं फूल काढलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. एसटीत शेजारी बसलेल्या बाईकडे बघावं तसं, छान हसून.

"तुमी कोनाच्या इकडच्या?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी तिच्या डोळ्यांत बघत राहिले, तिथं थट्टा शोधत. थट्टा नव्हती. माझ्या तोंडून कसंबसं निघालं की मी इथलीच, जवळच राहते.

"बरं केलं आल्या," आई म्हणाली. परात मांडीवर ठेवून ती थोडी जवळ सरकली आणि वरच्या वळणाकडे बघून आवाज खाली आणला. "तुमी चांगल्या दिसता म्हनून सांगते. माह्या ध्यानात काही राहत नाई आजकाल. सारं निसटते. पोरीचं नावबी निसटते. ती समोर आली का मी ओळखल्यासारखं करते. माय म्हनते, मंग भागते. तिले बरं वाटते."

 पाण्याचा आवाज एकदम मोठा झाला होता.

"तिले नका सांगू," आई म्हणाली. "लई भित्री हाय ती. लहान होती तवा मी नुसती डोळे मिटून पडली तरी रडे. उठवून उठवून पाहे मले."

"नाही सांगत," मी म्हटलं.

तिला ते पटलं. तिनं आपला गार, ओला हात माझ्या हातावर ठेवला आणि दोनदा थोपटलं. मग पुन्हा परात उचलली, पाण्याशी वाकली, आणि मनगट फिरवता फिरवता, काहीतरी बोलायचं म्हणून विचारावं तसं तिनं विचारलं, "तुमची माय हाय ना?"

"आहे."

"मंग जात जा तिच्याकडं," आई म्हणाली. "वाट पाहत असन."